डोक्यावरची गाठ

"एका फोनात मंजुरी आणतंय, बघ तू!" शिरोड्याच्या रोझालिनाने नवऱ्याला ठणकावून सांगितलं.

नवरा पेद्रू. त्याच्या मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली जी ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली होती. गाठ सुपारीएवढी, पण खोडी अशी की जरा राग आला की रक्तदाब थेट माडाच्या शेंड्यावर! गोव्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आधी गोळ्यांनी दाब ताब्यात आणायचा, मगच ऑपरेशन. नाहीतर जिवावर बेतेल." गोळ्या महाग, त्यामुळे विमा कंपनीची मंजुरी हवी. आणि तोवर पेद्रूला रागावू द्यायचं नाही. बोटीच्या इंजिनाशीसुद्धा कडाकडा भांडणाऱ्या पेद्रूला!

रोझालिनाने फोन लावला. लाइन चण्याच्या भट्टीसारखी तडतडत होती.

"मूत्रपिंडाच्या डोक्यावर गाठ आहे हो!" ती शुद्ध मराठीत ओरडली. पलीकडच्या मुलीला शेवटचे चार शब्द तेवढे पोचले.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर उत्तर हजर: 'डोक्यावरची गाठ काढणे हा सौंदर्योपचार आहे. औषध नामंजूर.'

रोझालिना मोबाइल लपवणार, तोच पेद्रूने वाचलं.

"सौंदर्य? मी सुंदर होऊक ऑपरेशन करतंय?"

"गप रव रे, पेद्रू! दाब चढतलो!"

"चढांदे!"

रोझालिनाने पुन्हा फोन करून असा काही गजर केला की कंपनीने आपले डॉक्टरच व्हिडिओवर आणले.

"पेशंटने कृपया डोकं दाखवावं," डॉक्टर म्हणाले.

पेद्रूने दात-ओठ खात आपलं तुळतुळीत टक्कल कॅमेऱ्याला लावलं.

"गाठ दिसत नाही. थोडं डावीकडे?"

"दिसतली खंय? गाठ पोटात आसा!" पेद्रू गरजला.

"पोटात? मग डोकं का दाखवताय?"

झालं! पेद्रूचा चेहरा पांढराफटक पडला, घामाच्या धारा लागल्या, हात थरथरायला लागले.  रोझालिनाने त्याला आडवं केलं, दंडाला दाबाचं यंत्र बांधलं आणि आकडा कॅमेऱ्यापुढे धरला.

"डोक्यावर नाही हो डॉक्टर, मूत्रपिंडाच्या डोक्यावर! आता माझा माणूस जाईल हो!" ती रडायलाच लागली.

आकडा बघून डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "अरे देवा! मंजूर! आत्ता मंजूर! बाई, आधी त्यांना दवाखान्यात न्या!"

"पेद्रू! मंजुरी इली रे!"

त्या रात्री दवाखान्यातच पहिली गोळी पोटात गेली. चार दिवसांत दाब जमिनीवर उतरला. पेद्रू घरी आला, त्या दिवशी रोझालिनाने त्याच्या आवडीचं बांगड्याचं तिखलं केलं. सगळ्या वाडीला वास सुटला. पेद्रू मात्र ताटाकडे बघत बसून राहिला.

"काय झालं रे?"

"नाक चोंदलां गो. कसलोच वास येणा नाय!"

घाबरून तिने गोव्याला फोन लावला. डॉक्टर खूश! "उत्तम! ह्या गोळ्यांनी नाक चोंदतंच. म्हणजे औषध लागू पडतंय."

पेद्रूने मुकाट्याने एक घास घेतला आणि पुटपुटला, "ह्या नाकाची मंजुरी कोणी दिलेली?"