लग्नाला निघालेलं अस्वल

मी शिंपीण आहे. कापडाला कात्री लावण्याआधी दहादा मोजणारी! म्हणून धाकट्या बहिणीच्या लग्नाला गाडीने उत्तरेकडे जायचं ठरलं तेव्हा आमच्या ह्यांना मी ठणकावून सांगितलं, "तुम्ही फक्त स्टिअरिंग धरा. प्रवास मी बेतलाय. सूतभर इकडचा तिकडे होणार नाही!"

बेतला खरा. पुढे तो जिवावर बेतला, एवढंच.

धाकटी तिकडे, जंगलापलीकडच्या खाणीच्या गावात, दवाखान्यात नर्स आहे. तिने ती नोकरी धरली तेव्हा मी म्हणाले होते, "अगं, तिकडे अस्वलं राहतात, माणसं नाही!" ती जी रुसून गेली ती गेलीच. वर्षानुवर्षं आमचं बोलणं आईमार्फत. "ताईला सांग," "धाकटीला सांग." आई म्हणजे आमचं टेलिफोन एक्स्चेंज झाली होती! आणि एके दिवशी तिने स्वतः फोन केला. "ताई, लग्न करतेय. ड्रेस तूच शिव." मी मशीनवर डोकं टेकून पोटभर रडले आणि मग मापं विचारली.

असा ड्रेस मी जन्मात शिवला नव्हता. पांढरं रेशीम, बाह्यांवर हाताची वेलबुट्टी, वर झुळझुळीत ओढणी. सोबत माझ्या हातचा दोन मजली केक. पेटी मागच्या सीटवर, केक डिकीत, आणि आम्ही निघालो.

सुरुवातीला सगळं स्वर्गासारखं! काळ्याभोर झाडांमधून सरळसोट रस्ता, मध्येच आरशासारखं तळं. हे चक्क गायला लागले. लग्नानंतर पहिल्यांदाच. आणि सुरातसुद्धा!

मग डांबर संपलं. नुसता 'संपलं' असा बोर्डही नाही. खडी, खड्डे आणि डास! डास कसले, पंख फुटलेल्या सुयाच! ह्यांनी एकदाच खिडकी उघडली आणि त्यांचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला. डोळे कुठे आहेत ते अंदाजाने ओळखावं लागत होतं.

"दिसतंय ना तुम्हाला?" मी विचारलं.

"उजव्या डोळ्याने दिसतंय," हे म्हणाले, आणि पुढचं चाक फुस्स झालं.

जॅक डिकीच्या तळाशी. म्हणून केक उचलून मागच्या सीटवर ठेवला, ड्रेसच्या पेटीशेजारी. दार कोणी लावलं नाही, यावर आमचं अजून एकमत नाही. आम्ही दोघं चाकाशी वाकलो होतो. गाडी हलायला लागली.

"अहो, हळू! जॅक हलतोय!"

"मी हातसुद्धा लावलेला नाही!"

आम्ही मान वर केली. मागच्या सीटवर एक अस्वल बसलं होतं. ऐसपैस, घरचं कार्य असल्यासारखं! केकचा वरचा मजला गेला होता, खालच्याचं काम चालू होतं. आम्ही किंचाळलो. ते दचकून वळलं, आणि त्याच्या त्या भल्यामोठ्या पाठीने दार आपटून बंद झालं. पाहुणा आत, यजमान बाहेर!

आतून बाहेर पडता येईना म्हटल्यावर त्याने जे मांडलं ते मी काचेतून पाहिलं. पेटी फुटली. रेशमाच्या चिंध्या उडायला लागल्या. शेवटी ते पुढच्या सीटवर आलं, हॉर्नवर रेललं, आणि डोक्यावर धाकटीची ओढणी! खोटं कशाला सांगू, त्याला शोभत होती. मी धुळीत बसले. बहिणीने इतक्या वर्षांनी एक गोष्ट मागितली होती.

"अगं, रडू नकोस, कोणाला तरी फोन लाव," हे म्हणाले.

एका खडकावर चढल्यावर रेंजची एक काडी मिळाली. धाकटीचा फोन लागेना. आईचा लागला.

"आई, गाडीत अस्वल आहे!"

"काय? कोण अस्वस्थ आहे?"

"अस्वस्थ नाही गं! अस्वल! हे बाहेर आहेत, ते आत..."

"हे अस्वस्थ आहेत? जावईबापू? आणि हा भोंगा कसला वाजतोय?"

"तेच वाजवतंय! आई, ऐक, सगळं संपलं गं..."

फोन कट. मला हुंदका आला होता, तेवढाच तिला नीट ऐकू गेला असणार.

बऱ्याच वेळाने एक लाकडाचा ट्रक आला. ड्रायव्हरने शांतपणे खाली उतरून काचेतून पाहिलं.

"ताई, हे तुमचं आहे?"

"अस्वल?"

"नाही, गाडी."

त्याने दाराच्या मुठीला दोर बांधला, आम्हाला आपल्या केबिनमध्ये कोंबलं आणि ट्रक पुढे घेतला. दार उघडलं, मूठ निखळली. अस्वल बाहेर आलं, ओढणीसकट झाडीत शिरलं. एकदा मागे वळून पाहिलंसुद्धा! गाडीत मात्र सीट नाही, वायरिंग नाही. ड्रेसची एक बाही तेवढी शाबूत सापडली. ती मी छातीशी धरली.

इतक्यात सायरन वाजवत अँब्युलन्स आली. "पेशंट कुठे आहे?" असं विचारता विचारता त्या दोघा माणसांची नजर ह्यांच्या तोंडावर गेली. दुसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. ह्यांना उचलून स्ट्रेचरवर घातलं.

"अहो, सांगा ना त्यांना!" मी कुजबुजले.

"कशाला? आत डास नाहीत," हे म्हणाले आणि पांघरूण ओढून घेतलं.

दवाखान्याच्या दारात अख्खं गाव उभं. टोप्या हातात, माना खाली. धाकटी नर्सच्या गणवेशात धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "ताई, मी आहे. घाबरू नकोस." त्या मिठीत मी सगळं विसरले. खरं सांगायचंसुद्धा.

मग कळलं. आईने तिला दवाखान्याच्या नंबरवर फोन करून सांगितलं होतं की जावईबापू शेवटच्या घटका मोजतायत. त्यामुळे उद्याचं लग्न आजच! भाऊजींच्या डोळ्यांदेखत, वॉर्डात! लग्न नोंदवणारे साहेब सुट्टीवर होते, ते केवळ मरणाऱ्या माणसासाठी मासेमारी सोडून आले होते. त्यांच्या बुटांना अजून चिखल होता. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

ह्यांना खाटेवर निजवलं. धाकटी आणि खाणीत क्रेन चालवणारा तिचा नवरदेव शेजारी उभे राहिले. साहेबांनी घसा साफ केला. क्रेनवाला तर हमसून हमसून रडत होता, बिचाऱ्याने ह्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं!

"भाऊजी, डोळे मिटू नका हं," धाकटी म्हणाली.

"मिटलेले नाहीत, सुजलेत," हे पुटपुटले. लोकांना वाटलं, आशीर्वाद दिला. अख्खा वॉर्ड गहिवरला.

सह्या झाल्या. सगळ्यांना बिस्किटं आणि चहा. ह्यांना सलाईन. "अगं, भूक लागलीय," हे माझा पदर ओढत होते. मी त्यांचा हात थोपटला. दुसरं काय करणार!

शेवटी धाकटीने हळूच विचारलं, "ताई, माझा ड्रेस?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी बाही तिच्या हातात ठेवली. "बाकीचा अस्वलाने फाडला गं. ओढणी घालून गेलं ते. केकही खाल्ला. हॉर्न वाजवत होतं. ह्यांना काहीसुद्धा झालेलं नाही, नुसते डास चावलेत!"

धाकटीने बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे डोळे भरून आले. "डॉक्टर," ती हळू आवाजात म्हणाली, "ताईच्या मनाला फार धक्का बसलाय."

"मी खरं सांगतेय! ट्रकवाल्याला विचारा! दोर बांधला त्याने, मूठ निखळली..."

जितकी ओरडले तितके त्यांचे चेहरे मऊ होत गेले. डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला. मग ह्यांना तपासलं. ह्यांचं सगळं उत्तम!

"खाट रिकामी करा," डॉक्टर म्हणाले.

हे उठले. मी झोपले. गादी अजून उबदार होती. धाकटी माझी उशी नीट करत होती, आणि ह्यांना कोणीतरी बिस्किटांची अख्खी बशी आणून दिली!