मिस्त्रींच्या मागावर

दुपारी वृद्धनिवासाचं फाटक उघडं ठेवायचं की नाही, यावरून मिस्त्रींचा मुलगा आणि मोठ्या बाई यांची चांगलीच जुंपली होती.

मिस्त्री म्हणजे सुतार. उभं आयुष्य दारं-खिडक्या बसवण्यात गेलेलं. आता विसरण्याचा आजार जडल्यामुळे ते इथे राहत होते. बायको गेल्याचं त्यांना आठवत नसे, सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे. पण दुपार कलली की पोराची शाळा सुटते, हे मात्र पक्कं आठवे. पोर तिसरीत होतं. त्याला आणायला ते निघायचे. फाटकाला कुलूप असायचं तेव्हा गज धरून हलवत राहायचे, तळहात लाल होईपर्यंत. "पोर एकटं उभं असेल हो," एवढंच म्हणायचे.

मोठ्या बाई प्रमुख म्हणून आल्या आणि त्यांनी कुलूप काढलं. मिस्त्रींनी खुशाल जावं, कामाच्या मावशींपैकी कुणीतरी लांबून मागे राहावं, अशी व्यवस्था लावली. शेजारी कुणी चाललेलं मिस्त्रींना खपत नसे. "मी काय कुकुलं बाळ आहे?" म्हणायचे. शाळेच्या जागी आता गाद्यांचं दुकान होतं. मिस्त्री तिथे थोडा वेळ उभे राहत, मग "आज लवकर सोडलेलं दिसतंय" असं स्वतःशीच म्हणून परत फिरत.

ते तिसरीतलं पोर आता साठीला टेकलं होतं. त्याला टक्कल होतं, चष्मा होता आणि बापाची काळजी होती.

"गाडीखाली आले तर?" त्याने विचारलं.

"येऊ शकतात. खोटं नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "पण कुलूप लावल्यावर काय होतं, तेही मी पाहिलंय. आज तुम्हीच जा त्यांच्या मागून. मग तुम्ही म्हणाल तसं."

"जातो की. पण उद्यापासून कुलूप लावायचं. माझं ठरलंय."

वडिलांनी वळून बघितलं तर पंचाईत नको म्हणून त्याने माळ्याची टोपी मागून घेतली, चष्म्यावरच काळा चष्मा चढवला, हातात वर्तमानपत्र घेतलं. मध्येच वाजू नये म्हणून मोबाईल बाईंच्या टेबलावर ठेवला. जन्मात कधी कुणाचा पाठलाग केलेला नसल्यामुळे तो अगदी पाठलाग करणाऱ्यासारखाच दिसू लागला.

मिस्त्री झपझप निघाले. एका दुकानाचं दार करकरलं तसे थबकले, बिजागरी चाचपून "तेल घाला जरा" असं मालकाला बजावून पुढे गेले. ते थबकले तेव्हा मुलगा घाईघाईने प्लास्टिकच्या बादल्यांच्या उतरंडीमागे लपला. उतरंड त्याच्या अंगावर आली. एक बादली डोक्यात अडकली. ती काढेपर्यंत समोरच्या फळवालीचं लक्ष गेलं.

"काय रे ए टोपीवाल्या, त्या आजोबांच्या मागे का लागलायस मघापासून?"

"मी? छे! मी पेपर वाचतोय."

"चालता चालता? आणि उलटा?"

त्याने पेपर सुलटा केला. तेवढ्यात पुढे मिस्त्रींनी रुमाल काढला आणि त्याबरोबर पाकीट रस्त्यावर पडलं. मुलाने धावत जाऊन ते उचललं.

"धरा! पाकीट मारलं!" फळवाली ओरडली.

क्षणात माणसं जमली. कुणी दंड धरला, कुणी टोपी उडवली, कुणी काळा चष्मा ओढून काढला. नाक्यावरचा हवालदार आला.

"अहो, ते वडील आहेत माझे!"

"हो का? मग वडिलांच्या मागून लपतछपत कशाला जातोस?"

याचं खरं उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते चारचौघांत सांगायला त्याची जीभ रेटेना. हवालदाराने मिस्त्रींना विचारलं, "आजोबा, हा तुमचा मुलगा का?"

मिस्त्रींनी नीट निरखून पाहिलं. अगदी मन लावून.

"नाही हो. माझा मुलगा लहान आहे. त्यालाच आणायला चाललोय." त्यांनी पाकीट घेतलं आणि आतला फोटो काढून दाखवला. गणवेशातला, समोरचे दात पडलेला मुलगा.

"तो मीच आहे!" मुलगा म्हणाला. "नाक बघा ना, नाक!"

"नाक काय, सगळ्यांनाच असतं," फळवाली म्हणाली.

मिस्त्री मात्र विचारात पडले होते. त्या माणसाचे डोळे भरून आलेले त्यांना दिसत होते. "सोडा हो त्याला," ते हलकेच म्हणाले. "चोर असा रडतो का? रस्ता चुकलाय बिचारा."

पाकिटात निवासाचं कार्ड होतं. हवालदाराने बाजूला जाऊन फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतलं. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "आजोबा, याला नीट घेऊन जाल ना?"

"जातो की. पोरांची सवय आहे मला."

रस्ता ओलांडताना मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं. बोट नाही, मनगट. बोट सोडवून पोरं पळतात. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं, एका मोटारीला हात दाखवून थांबवलं आणि त्याला पलीकडे नेलं. गाडीखाली कोण येणार होतं, याची चर्चा करण्यासारखी मुलाची स्थिती राहिली नव्हती. मनगट दुखत होतं. ते सुटू नये, एवढंच त्याला वाटत होतं. शाळेचं आज राहूनच गेलं.

मोठ्या बाई फाटकातच उभ्या होत्या.

"बाई, याला आणलंय," मिस्त्री म्हणाले. "घर विसरलाय बहुतेक. कुणालाही बाप म्हणत सुटलाय. याच्यासाठी एखादी खोली असेल तर बघा."

"बघते ना," बाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळून हळूच विचारलं, "उद्यापासून कुलूप लावायचं ना?"

ते मिस्त्रींनी ऐकलं. "कुलूप? याला कोंडू नका हो! रस्ता चुकतो म्हणून काय झालं? त्यालाही कुठेतरी जायचं असेल. मी नेत जाईन रोज माझ्याबरोबर. शाळेपर्यंत जाऊन येऊ. माझ्या पोराशी ओळख करून देईन, फार गुणी आहे."

मुलाने चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि तरीही त्याला समोरचं धूसरच दिसत होतं.

"उद्या किती वाजता निघायचं, बाबा?" त्याने विचारलं.

मिस्त्रींनी बाईंकडे पाहून मान हलवली.

"बघा," ते कुजबुजले, "परत म्हणाला. असू दे, म्हणू दे. त्याचा बाप कुठे वाट बघत असेल, कोण जाणे."