केळीचा रिपोर्ट

जगतापअण्णा रोज सकाळी सहा वाजता केळीची नाडी बघायचे. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच बघायचे. पानाचा देठ दोन बोटांत धरायचा, डोळे मिटायचे आणि ओठ हलवत काहीतरी मोजायचं. मग खाकी हाफपँटीच्या खिशातून बँडेज कापायची बाकदार कात्री काढून पानाची तपकिरी झालेली कड तेवढी उतरवायची. कुणी बघत उभं राहिलं तर म्हणायचे, "राउंड चाललाय. नंतर या."

अण्णा मूळचे साताऱ्याकडचे. मुंबईतल्या एका मोठ्या दवाखान्यात तीस वर्षं वॉर्डबॉय होते. रिटायर झाल्यावर नेरूळला एक बैठं घर घेतलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरामागं हातभर रुंद मातीची पट्टी होती, तिच्यात तीन केळी. बेड नंबर एक, बेड नंबर दोन, बेड नंबर तीन.

नेरूळला तेव्हा रेल्वे नुकतीच आली होती. मी जालन्याकडून सातवी सोडून आलेलो. न्हावा शेव्याच्या एका यार्डात माल चढवायचं काम मिळालं, तेही अण्णांच्या ओळखीनं. मागची खोली त्यांनीच दिली. कोण, कुठला, काही विचारलं नाही. फक्त माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, "रक्त कमी हाय. राहा."

केळीचं पान का वाळतं, यावर अण्णा तासभर बोलायचे. "कड जळली तर पाण्यात मीठ, न्हायतर तहान, न्हायतर वारा. मधी ठिपके आले तर रोग. आनि सगळ्यात खालचं पान वाळलं तर काय न्हाय, वय झालं त्याचं. त्याला डिस्चार्ज द्यायचा." हाच हिशेब ते माणसांनाही लावायचे. शेजारच्या म्हात्रेवहिनी एकदा कुंपणावरून रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "अन्ना, पोरगा नापास झाला."

"काठानं का मधनं?"

"सगल्याच विषयांन!"

"मग मधनं. औषध लागंल."

वहिनी चार दिवस बोलल्या नाहीत.

त्या वर्षी दोन नंबरला घड लागला आणि त्याच महिन्यात अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. त्यांच्याच जुन्या दवाखान्यात. निघताना मला मागं नेऊन म्हणाले, "रामेश्वरा, बोट घालून माती बघायची. दोन पेरं आत ओल लागली तर पाणी द्यायचं न्हाय. दिलंस तर मुळाला श्वास मिळत न्हाय, ती कुजत्यात. आनि रोज येऊन मला रिपोर्ट द्यायचा. भेटायची वेळ चार ते सहा."

"हो अण्णा."

"रोज."

"रोज, अण्णा."

आता माझं सांगतो. आमच्या गावाला हंडाभर पाण्यासाठी आई दोन कोस चालायची. झाड वाळलं तर ते पाण्यावाचूनच, हे मला चालायला लागल्यापासून माहीत. झाडाला पाणी जास्त होतं, हे मला कळलं, पण पटलं नाही. ज्या माणसानं मला घर दिलं त्याची केळ तहानलेली ठेवायची? मी सकाळी चार बादल्या घातल्या, संध्याकाळी चार. नळाला पाणी नसलं की मागच्या बोअरचं. ते खारट होतं. त्यानं आम्ही भांडीसुद्धा घासत नव्हतो.

पहिले दोन दिवस ओव्हरटाइम लागला, म्हणून दवाखान्यात गेलो नाही. तिसऱ्या दिवशी निघायला कपडे केले आणि बघतो तर पानांच्या कडा तपकिरी. हा रिपोर्ट कुठल्या तोंडानं द्यायचा? म्हटलं, आज सुधारूया, उद्या जाऊ. आणखी दोन बादल्या घातल्या. दुसऱ्या दिवशी कडा आणखी आत सरकल्या. मी अण्णांच्या कात्रीनं कापत गेलो, पानं अरुंद होत गेली. मग घडाची फणीच्या फणी काळी पडली. रोज चार वाजले की मी पुन्हा बादली उचलायचो. ऑपरेशन झालेला माणूस, त्याला हे सांगून काय करू? आता घरातून काढतील, यार्डातलं कामही जाईल. गावाला काय तोंड दाखवू?

चौदाव्या दिवशी दुपारी अण्णा एकटेच रिक्षानं आले. पोट धरून सरळ मागं गेले. मी भिंतीला चिकटून उभा. त्यांनी मातीत बोट घातलं, वास घेतला. जिभेला लावून थुंकले.

"पाणी बंद," एवढंच म्हणाले. "उद्या माती उकरून वारा लागू दे. निचऱ्याला चर काढ. चुलीतली राख टाकू. मग गोडं पाणी, तेबी कमी. एक आनि तीन वाचतील." दोन नंबरच्या बुंध्यावर त्यांनी हात ठेवला.

"अण्णा, चुकलो. भीती वाटली म्हणून आलो नाही."

"केळीची भीती?"

"तुमची."

ते आत गेले. मी त्यांची पिशवी रिकामी करायला घेतली. तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या होत्या. एक उघडली तर दोन ग्लुकोज बिस्किटं. दुसरीत दोन. सगळ्यांत दोन-दोन.

"चारच्या चहासंगं देत्यात," अण्णा भिंतीकडं बघत म्हणाले. "भेटायला माणूस येनार, त्याच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं. शेजारच्या बेडला सांगून ठेवलं होतं, माझा माणूस येतोय केळीची खबर घेऊन. तीस वर्षं मीच घंटा मारून नातेवाईक बाहेर काढले. आता तिथं सगळी नवी पोरं. कोन वळखत न्हाय. म्हटलं, केळीचं निमित्त दिलं तर तू तरी येशील."

माझ्या हातातली पुडी तशीच राहिली. केळ मेली त्याचं त्यांना काहीच नव्हतं. मी चौदा दिवस भलत्याच गोष्टीला घाबरलो होतो.

घड्याळात चार वाजून गेले होते. "अण्णा," मी म्हणालो, "आता देऊ का रिपोर्ट?"

ते कॉटवर आडवे झाले. चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मी पायाशी स्टूल ओढलं.

"पहिल्या दिवशी सगळी पानं हिरवी होती. तीन नंबरचं नवं पान अर्धं उलगडलं होतं."

"अर्धंच?"

"अर्धंच. दुसऱ्या दिवशी पूर्ण उलगडलं. आणि तिसऱ्या दिवशी..."

"हळू सांग रे," अण्णा डोळे मिटून म्हणाले. "सहापर्यंत वेळ हाय."