पाच सालांचा गडी

आमच्या लिंबाजीतात्यांनी झेडपीचा मेंबर सालानं धरला होता. एका सालासाठी नाही, एकदम पाच सालांसाठी.

हे वाचून तुम्ही हसाल. हसा. मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली बाई आहे, आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली, आणि आता भोकरदनला शाळेत पोरांना नागरिकशास्त्र शिकवते. मलाही आधी हसूच आलं होतं.

सालगडी म्हणजे काय, हे आमच्या घराला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझे वडील सालगडी. तात्या त्यांचे थोरले भाऊ, तेही सालगडी. धावड्याच्या अलीकडं, ओढ्याच्या पल्याड आमची वस्ती. पाडव्याला मालक ठरायचा आणि पुढच्या पाडव्याला साल भरायचं. मधल्या काळात दिवस मालकाचा आणि रात्रही मालकाचीच. गाय मध्यरात्री व्याली तरी बोलावणं आमच्या दारात. बदल्यात ठरलेली रक्कम, थोडी ज्वारी, एक टॉवेल-टोपी आणि चपलांचा एक जोड. घरात नवी वस्तू यायची ती पाडव्याला, आणि तीही पुरुषांच्याच पायात. माझ्या आईच्या पायात चप्पल आली ती माझ्या पहिल्या पगाराची.

त्यात तो ओढा. पावसाळ्यात ओढा आला की वस्ती एकीकडं आणि शाळा दुसरीकडं. तात्या मला खांद्यावर घेऊन पाणी उतरायचे, पलीकडं ठेवायचे, आणि तसेच ओल्या धोतरानं मालकाच्या गोठ्याकडं पळायचे. उशीर झाला म्हणून बोलणी खायचे. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण शाळेत कमी आणि तात्यांच्या खांद्यावर जास्त झालं. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं, पण खांदा कधी रिकामा नसायचा.

पुढं मालकानं ट्रॅक्टर घेतला आणि तात्यांचं गडीपण सुटलं. ते घरी बसले. माझ्या भावाची पिंकी शाळेत जायच्या वयाची झाली, तोवर तात्यांचा खांदा निखळल्यासारखा झाला होता. ओढा मात्र तसाच होता.

अशात निवडणूक लागली. एक उमेदवार वस्तीवर आला, अंगणात उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, मी तुमचा सेवक आहे, पाच वर्षं सेवेची संधी द्या. आमचे कान असल्या बोलण्याला सरावलेले. तात्या मात्र खाटेवर उठून बसले. हात जोडून काम मागणारा माणूस कसा उभा राहतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? जन्मभर ते स्वतःच तसे उभे राहिले होते.

"आधी कोणाकडं होतास?" तात्यांनी विचारलं.

उमेदवार गडबडला. त्यानं एका पार्टीचं नाव सांगितलं.

"त्याच्या आधी?"

त्यानं दुसऱ्या पार्टीचं नाव सांगितलं.

"दोन मालक सोडले. मालक खराब होते का तू?"

मागं उभे असलेले कार्यकर्ते एकदम खोकायला लागले. तात्यांचं चालूच. पहाटे उठतोस का, उन्हाचा तरास होतो का, बैल मारका निघाला तर हाणतोस का चुचकारतोस. मतदानाच्या आधी माणूस सगळ्याला हो म्हणतो, तसं तोही बिचारा बैलालाही हो म्हणाला. मग तात्यांनी काम सांगितलं. काम एकच, ओढ्यावर पूल.

"झालाच म्हणून समजा, बाबा."

"समजत न्हाई. दिसला का बगतो," असं म्हणून तात्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि इसार म्हणून एक रुपया त्याच्या तळहातावर ठेवला. मतदारानं उमेदवाराला पैसे दिल्याचं आमच्या सर्कलमधलं हे पहिलं उदाहरण. शेवटचंही तेच असावं.

तो निवडून आला. गाव त्याला मेंबर म्हणायला लागलं, कार्यकर्ते साहेब म्हणायला लागले. तात्या म्हणायचे, "आपला गडी." चौकात त्याच्या वाढदिवसाचं बॅनर लागलं की तात्या खाली उभे राहून वरपासून खालपर्यंत निरखायचे. "पांढरे कपडे घालून कोनतं काम होत असंल?" बातमी आली की मेंबर जालन्याला मिटिंगला गेलाय, की तात्या चिडायचे. गडी गाव सोडून जातो तर मालकाच्या कानावर घालून जातो, एवढी साधी रीत त्याला बिलकुल नव्हती.

पहिल्या पाडव्याला रिवाजाप्रमाणे तात्या टॉवेल-टोपी आणि चपलांचा जोड घेऊन मेंबरच्या बंगल्यावर गेले. मेंबरला वाटलं, सत्कार आहे. त्यानं शेजारी उभं करून फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला: ज्येष्ठ मतदाराचं निखळ प्रेम. खाली दोनशे अंगठे. तात्यांनी मला तो फोटो मोठा करून दाखवायला लावला आणि म्हणाले, टोपी बराबर बसली त्याला.

दुसऱ्या पाडव्याला ते पुन्हा गेले. या वेळी आधी दाराशी वाकले, चपलांच्या घोळक्यातून आपण दिलेला जोड शोधून काढला आणि उलटा करून तळ पाहिला. तळ कोरा होता, दुकानातल्यासारखा. तो जोड त्यांनी परत जागेवर ठेवला आणि आत न जाताच माघारी आले. झिजल्या तर नव्या द्यायच्या, असा नियम. "गडी हिंडलाच न्हाई, माय," ते मला म्हणाले. पुढं दर पाडव्याला ही तपासणी झाली, आणि दर पाडव्याला चपला तशाच निघाल्या.

मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला. बी.ए. झालेल्या माणसाला समजावल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, तात्या, तो गडी नाही, तो लोकप्रतिनिधी आहे. प्रतिनिधी म्हणजे तुमच्या वतीनं तिथं बसणारा माणूस.

तात्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या वतीनं खुर्चीत बसून राह्यला. माझ्या वतीनं गाडीत हिंडून राह्यला. मंग पाय माझे का दुखून राह्यले?"

पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर नाही. मी पुन्हा शोधलं, नाही.

अडीच वर्षांनी अध्यक्ष निवडायची वेळ आली, आणि आमचा मेंबर आणखी काही मेंबरांबरोबर एकाएकी गायब झाला. पेपरात आलं की दुसऱ्या पार्टीनं सगळ्यांना लांबच्या हॉटेलात नेऊन ठेवलंय. आपल्याकडं याला सहल म्हणतात. तात्यांच्या लेखी ही चोरी होती. साल चालू असताना दुसऱ्याचा गडी फोडायचा, याच्याइतकं वाईट काम शिवारात दुसरं नाही. यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे झालेले आम्ही पाहिलेत. तात्या तडक पोलिसांत गेले. माझा गडी पळवला, तक्रार लिहून घ्या.

हवालदार भला माणूस. त्यानं विचारलं, कोणी पळवला? दुसऱ्या पार्टीनं. कुठं ठेवला? हाटेलात. मग त्यानं मोबाइल काढून तात्यांना व्हिडिओ दाखवला. मेंबर हॉटेलातल्या पोहायच्या तलावाच्या निळ्या पाण्यात उभा होता, डोळ्यांना काळा चष्मा. "बाबा, हा तर हसून राह्यला. ह्याला कोनी पळवलं?"

"मालकाचा बैल बी असाच हासत गेल्ता," तात्या म्हणाले, "पेंडीच्या मागं."

तक्रार लिहून घेतली नाही, पण चहा मिळाला. मेंबर परत आला तो चौथी पार्टी घेऊन. पूल काही आला नाही. दर पावसाळ्यात पिंकीची शाळा बुडायची आणि तात्या ओढ्याच्या काठावर एक हात दुखऱ्या खांद्यावर ठेवून उभे राहायचे, पाणी उतरायची वाट बघत.

मग मेंबरची मुदत संपली. आणि गंमत अशी की पुढची निवडणूकच लागली नाही. आज लागेल, उद्या लागेल, कोर्टात आहे, असं करत लांबली. झेडपीवर प्रशासक बसला. मेंबर हरला नाही, जिंकला नाही, नुसता संपला. तात्यांनी मला विचारलं, हा प्रशासक कोणाचा गडी? मी म्हटलं, सरकारचा. अन् सरकार कोणाचा गडी? मी म्हटलं, तुमचा. ते म्हणाले, मंग एवढा फेरा कशाला?

त्या पाडव्याला सकाळीच त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, आईकडून डब्यात पुरणपोळ्या भरून घेतल्या आणि मला म्हणाले, गाडी काढ. मी स्कूटीवर बसवून त्यांना बंगल्यावर नेलं.

एरवी त्या फाटकात पाय ठेवायला जागा नसायची. आज प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावलेल्या होत्या. बॅनरचं कापड उलटं करून त्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. मेंबर बनियनवर ओट्यावर बसला होता, एकटाच. सणाच्या दिवशी फाटक वाजलं म्हणून घाईनं उठला, आम्हाला पाहिलं आणि शर्ट शोधायला लागला.

तात्यांनी सवयीनं चपला तपासल्या. कोऱ्या. खाली ठेवल्या.

"आज पाडवा," ते म्हणाले. "तुझं साल भरलं. पाचीच्या पाची भरले. पूल केला न्हाईस, त्येवढं काम ऱ्हायलं. पर माझं तुझ्याकडं काही न्हाई. आजपून तू मोकळा."

मेंबर शर्टाची बटणं लावत होता. निवडणूक लागली की पुन्हा बघू, असं काहीतरी पुटपुटला. तात्या म्हणाले, ते पुढचं पुढं, भरलं ते भरलं. मग त्यांनी डब्याचं झाकण काढलं.

"जेवलास का?"

मेंबर आत गेला, स्वतःच ताट घेऊन आला आणि ओट्यावर मांडी घालून बसला. मान वर न करता त्यानं दोन पोळ्या खाल्ल्या. तिसरी तात्यांनी न विचारता वाढली.

परत येताना मी जरा वैतागूनच बोलले. तात्या, मुदत संपल्याचं त्याला सरकारनं कळवलंय, पेपरात छापून आलंय, तुम्ही जाऊन सांगायची काय गरज होती? तात्या माझ्या पाठीमागं बसलेले. वाऱ्यात ऐकू यावं म्हणून कानाशी आले.

"मालकानं ट्रॅक्टर घेतला ना, त्या पाडव्याला मी सकाळीच अंघोळ करून बसल्तो. बोलावणं येईन म्हून. कोनी आलं न्हाई. दिवस बुडाला तवा कळालं, का आपलं साल सरलं." मग म्हणाले, "सांगावं लागतं, माय. माणूस मोकळा केला तर त्याला सांगावं लागतं."

मी गाडी हळू चालवली. आरशात मात्र पाहिलं नाही.

पावसाळ्यात ओढ्याला पाणी असताना एका दुपारी मेंबर वस्तीवर आला. गाडी नाही, कार्यकर्ते नाहीत. पँट गुडघ्यापर्यंत वर, आणि तात्यांनी दिलेला जोड हातात. मध्येच पाय घसरला असावा, कमरेपर्यंत भिजलेला होता. तात्यांनी त्याला अंगणात बसवलं, टॉवेल दिला आणि विचारलं, आता कळलं का वढा केवढा हाये? तो म्हणाला, कळलं.

त्यानंतर दोघांनी मिळून पुलासाठी जालन्याला झेडपीच्या चकरा सुरू केल्या. एसटीनं. तात्यांना वयामुळं तिकीट नाही आणि मेंबरला आहे, याचा तात्यांना फार आनंद. साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकड्यावर दोघं शेजारी बसायचे. मेंबर पूर्वी जिथं बिनधास्त आत घुसायचा, तिथं आता शिपाई त्याला थांबवायचा. तात्यांना थांबायची सवय होती; कसं थांबायचं ते त्यांनी त्याला शिकवलं. शेंगदाणे आणायचे आणि एकेक खायचे.

एकदा मीही गेले होते. नवे साहेब होते, कोणाला ओळखत नव्हते. त्यांनी वर न बघता विचारलं, आपण कोण? तात्या म्हणाले, "मी मालक." साहेबांनी चष्मा काढला. अन् हे?

तात्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. साल तर भरलं होतं, खोटं कसं बोलणार? तेवढ्यात मेंबरच बोलला.

"मी यांचा गडी, साहेब. माझं थोडं काम ऱ्हायलंय."

पुढच्या पाडव्याला तात्यांनी चपलांचा तळ पाहिला. टाचेकडं अंगठा आरपार जाईल एवढं भोक होतं. ते भोक त्यांनी वस्तीवर सगळ्यांना दाखवलं, आणि भोकरदनच्या बाजारातून नवा जोड आणला, एक नंबर मोठा, कारण मेंबरचे पाय हिंडून पसरले होते.

उन्हाळ्यात ओढ्यात सिमेंटच्या नळ्या पडल्या, वर रस्ता झाला. पुलाला पाटी आहे, पण पाटीवर कोणा पुढाऱ्याचं नाव नाही, कारण त्या वेळी नाव टाकायला कोणी निवडून आलेलंच नव्हतं. यंदा ओढा चांगला भरून आला. पिंकी पुलावरून शाळेत गेली, चप्पल पायात घालून.