चुलीचे द्वारपाल

आमच्या शेजारच्या गोपाळअण्णांकडे गेलं, की ते "या, बसा" म्हणत नसत. आधी दारातच तुम्हाला खालून वरपर्यंत बघत, मनातल्या मनात तुमचं वजन करत आणि मग आसन नेमून देत.

"मामलेदारसाहेब, तुमी त्या पाटावर. वकीलसाहेब, तुमी पाद्रीबाबाच्या खुर्चीवर, पण डावीकडं टेकू नका, तिकडं पुठ्ठा हाय. आन् ताई, तुमी सिंहासनावर."

ताई म्हणजे मी. डॉक्टरांची मुलगी म्हणून हा मान असेल, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. मी संकोचून "नको, नको" म्हणाले. अण्णा म्हणाले, "बसा वो. सिंहासन पोकळ हाय. तुमच्यानं काय मोडत न्हाई." तेव्हापासून सांगलीत माझ्याइतका वेळ सिंहासनावर कोणी काढला नसेल आणि माझ्याइतकं अवघडून तर नक्कीच नाही.

अण्णा मूळचे कराडकडचे. पोरवयात पडदा ओढायला म्हणून एका नाटक कंपनीत शिरले आणि कंपनीबरोबरच म्हातारे झाले. बोलपट आले, प्रेक्षक तिकडे गेले, मालकांनी गाशा गुंडाळला. सामानाची वाटणी झाली तेव्हा मंडळी बाजाच्या पेटीवर आणि भरजरी शेल्यांवर तुटून पडली. अण्णांनी विलायती राजाच्या नाटकाचं सामान मागितलं. ते दुसऱ्या कुणाला नकोच होतं.

ते सामान हेच त्यांचं घर. बसायच्या खोलीला किल्ल्याची दगडी भिंत होती, कापडावर रंगवलेली. तिचा एक बुरूज उंदरांनी खाल्ला होता. उंच पाठीच्या, टोकदार कमानींच्या खुर्च्या होत्या. कागदाच्या लगद्याचं चिलखत खुंटीवर असे आणि त्याच्या पोटात अण्णा कांदे ठेवत. यातलं काही निरखायला कोणी पुढे वाकलं की अण्णा हात आडवा घालत. "लांबनं बघा. ही वस्तू पिटातनं, खाली प्रेक्षकांत बसून बघायची हाय." मग पाहुणा मुकाट्याने दारापर्यंत मागे जाऊन बघे.

जवळून बघायची परवानगी फक्त दोन वस्तूंच्या बाबतीत होती, कारण त्या खऱ्या होत्या. महाबळेश्वरच्या कुठल्याशा बंगल्याच्या लिलावात मालकांनी झुंबर घेतलं, त्याच्यासोबत ही जोडी गळ्यात पडली. बिडाची, गुडघ्याएवढी उंच आणि उचलताना कंबर धरेल इतकी जड. पुढून चर्चच्या खिडकीसारखी निमुळती कमान. तिच्यावर दात विचकलेलं जनावर. सिंह म्हणावा, तर कान वटवाघळाचे. आणि मागे एक लांब आडवा दांडा, टोकाला आखूड पायावर टेकलेला.

"हे जय आन् विजय," अण्णा सांगत. "राजाच्या चुलीचे द्वारपाल."

"आणि हे मागचं काय?" माझ्या वडिलांनी एकदा विचारलं.

"शेपूट. जनावराला शेपूट असायचंच की, डॉक्टरसाहेब."

घरात ही जोडी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभी असे. लढाईच्या दिवसांत लोखंड मिळेना, तेव्हा एक लोहार चाकाच्या धावेसाठी त्यांना मागायला आला होता. अण्णांनी त्याला पाटावरसुद्धा बसू दिलं नाही. दसऱ्याला गल्लीतल्या बायका त्या वटवाघळी कानांना हळदकुंकू लावून जात.

आता माझी अडचण सांगते. मी पाचगणीला इंग्रजी शाळेत शिकलेली. आमच्या मुख्याध्यापिकेच्या दिवाणखान्यात भिंतीतली शेकोटी होती आणि तिच्यात थेट अशीच जोडी होती. शिक्षा म्हणून मला तिथे उभं करत, त्यामुळे मी ती नीट पाहिलेली. ते द्वारपाल नव्हते. जोडी चुलीच्या आत ठेवायची, मागच्या दांड्यांवर आडवी लाकडं रचायची, म्हणजे खालून वारा खेळतो. अण्णा ज्याला शेपूट म्हणत, तोच त्या वस्तूचा खरा कामाचा भाग होता.

हे सांगायला मला एक आख्खा पावसाळा लागला. मराठीत बोलायचं म्हटलं की मी आधी वाक्य मनात मांडत असे, मग त्यातले तो-ती-ते तपासत असे, आणि तोवर समोरचा माणूस जेवायला गेलेला असे. शिवाय या वस्तूला मराठी शब्द नव्हता. इंग्रजी होता, पण तो मला आठवत नव्हता. इतक्या फीच्या शाळेत जाऊन मी दोन्हीकडून मुकीच परतले होते.

माझ्याखेरीज अण्णांकडे रोज येणारे म्हणजे रंगराव. कंपनीचे जुने नायक, विलायती राजा तेच. अजून ताठ चालत, केस मागे वळवत आणि पाणी मागतानासुद्धा सरदाराला हुकूम सोडल्यासारखं मागत. अण्णा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. "माझं वाचन कच्चं हाय, रंगराव. चुका काढा बगू." रंगराव डोळे मिटून चुका काढत. संध्याकाळी दोघं कृष्णेच्या घाटावर निघाले, की अण्णांचा गुडघा दुखायला लागे. "जरा हाताला धरू द्या वो," म्हणत ते रंगरावांचं कोपर पकडत. हेच अण्णा सकाळी शिडीवर चढून कौलं चाळताना मी पाहिले होते. दुखण्याच्याही वेळा ठरलेल्या असतात, अशी मी डॉक्टरांची मुलगी म्हणून समजूत करून घेतली होती.

लढाई संपली त्या हिवाळ्यात गावातल्या हौशी मंडळींनी ते जुनं नाटक पुन्हा करायचं ठरवलं. दिग्दर्शक होते नुकतेच विलायतेहून आलेले एक प्रोफेसर. राजाच्या कामाला मान म्हणून रंगरावांनाच बोलावलं होतं. सामान पसंत पडलं, तर अण्णांचं घेणार होते आणि जाहिरातीत नाव घालणार होते.

नाव या शब्दावर अण्णा अडकले. "ताई, आमच्या हँडबिलावर मालकाचं नाव असायचं, नटांचं असायचं. खाली छापखान्याचंसुदिक असायचं. माझं कवा आलं न्हाई. एकदा यावं असं वाटतंय. 'नेपथ्य, गोपाळ सुतार.' लय न्हाई, बारीक अक्षरात चालंल."

प्रोफेसर रविवारी बघायला येणार होते. विलायत पाहिलेला माणूस उंबऱ्यावर जय-विजय बघून हसला असता आणि बारीक अक्षरंही गेली असती. शनिवारी मी सिंहासनावर बसले आणि तो-ती-ते न तपासता म्हणून टाकलं, "अण्णा, ती शेपूट नाहीये."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला पुढचं वाक्य सुचेना, म्हणून मी उठून अंगणात गेले, बंबाशेजारची चार लाकडं आणली आणि जोडीच्या दांड्यांवर आडवी ठेवली. ती अशी चपखल बसली, की सांगायला काही उरलंच नाही.

अण्णा खाली उकिडवे बसले. लाकडांखालच्या पोकळीत हात घालून त्यांनी वाऱ्याची जागा चाचपली.

"आरं तिच्या," ते हळू म्हणाले. मग हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "म्हंजी मी आजवर चुलीच्या पायांस्नी भालदार समजत आलो. आन् गल्लीनं हळदकुंकू वाह्यलं."

रविवारी अंगणात कापडी शेकोटी उभी होती, तिच्या आत जोडी, जोडीवर लाकडं आणि लाकडांमागे लाल कागद लावलेला कंदील. प्रोफेसर इंग्रजीत काहीतरी ओरडले आणि त्यांनी अण्णांचा हात दोन्ही हातांनी धरला. असं अस्सल काम आपल्याकडे पाहिलं नव्हतं, म्हणाले. नाव नक्की झालं. अण्णा कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होते आणि मी अर्थातच जमिनीकडे.

रंगीत तालीम भर दुपारी थिएटरात होती. अण्णांनी मला विंगेत स्टुलावर बसवलं. स्टूल खरं होतं. शेवटचा अंक सुरू झाला. सरदार सोडून गेलेले आहेत, राजा सिंहासनावरून उठतो, पुढे कडेपर्यंत येतो आणि रित्या दरबाराशी बोलतो. समोर तळदिव्यांची रांग पेटलेली, पलीकडे काळोख.

रंगराव उठले, दोन पावलं रुबाबात टाकली आणि थांबले. उजवा पाय पुढे सरकवून जमिनीवरून फिरवला, जसा आपण पाण्यात उतरताना फिरवतो. मग मागे घेतला.

"आवाज लागत नाही," ते म्हणाले. "पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. पुन्हा तो पाय हवेत काहीतरी शोधत राहिला. "कडेपर्यंत या, रंगराव," प्रोफेसर खालून म्हणाले. "तिथून बोललात तर चेहऱ्यावर उजेड कसा येणार?" रंगरावांनी मान डोलवली आणि जागचे हलले नाहीत.

मी अण्णांकडे पाहिलं. ते रंगरावांच्या पायाकडे बघत होते. तेवढ्यात ते निघाले. शेकोटीतली लाकडं त्यांनी खाली ठेवली, एकेक जनावर पोटाशी धरून उचललं आणि पार पुढे, रंगमंचाच्या कडेपासून हातभर आत, राजाच्या उभं राहायच्या जागेच्या दोन बाजूंना मांडलं. कंपनीत ती इतकी वर्षं तिथेच उभी असायची. देवळातले द्वारपाल गाभाऱ्यात थोडेच असतात, पुढे असतात, हा अण्णांचा हिशोब.

"हे काय?" प्रोफेसर वर चढून आले. "अहो, बरोबर लावलं होतं की."

"आमच्यात असंच असतंय, सायेब," अण्णा म्हणाले. "जय-विजय पुढंच उभं ऱ्हातात. मला दुसरं काय ठाव न्हाई."

"पण रविवारी तुम्हीच आत ठेवले होते."

"चुकून ठेवले."

प्रोफेसरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना मी सापडले. "तुम्ही पाचगणीच्या ना? तुम्ही सांगा यांना. शेकोटीत लाकडं रचायचे घोडे असे बाहेर कुठे ठेवतात का?"

अण्णांनीही माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी काही खुणावलं नाही, नुसतं पाहिलं. त्यांच्यामागे रंगराव उभे होते, मान ताठ, नजर प्रोफेसरांच्या आवाजाच्या दिशेने पण वीतभर चुकलेली. तेव्हा मला कळलं की त्यांना दिसत नाही. बहुधा बऱ्याच वर्षांपासून.

गप्प बसणं मला जन्मभर जमत आलं होतं. त्या दिवशी मात्र त्याला फार जोर लागला. "माझ्या नीट लक्षात नाही, सर," मी म्हणाले.

"मग मला जाहिरातीत नाव घालता येणार नाही," प्रोफेसर अण्णांना म्हणाले. "जाणकार मंडळी येणार आहेत. ते विचारतील, हे कुणी केलं म्हणून. वस्तू राहू द्या तुमच्या हट्टाखातर, पण नाव नाही."

"नका घालू," अण्णा म्हणाले आणि विंगेत येऊन पडद्याच्या दोरीपाशी उभे राहिले.

अंक पुन्हा सुरू झाला. रंगराव उठले, पुढे आले, त्यांचा जोडा बिडाला लागला. ठक् असा बारीक आवाज झाला. ते जागच्या जागी थांबले, हनुवटी वर केली, सगळा उजेड चेहऱ्यावर घेतला आणि बोलू लागले. आवाज लागला होता. थिएटरात खुर्च्या पुसणारा माणूस फडकं हातात धरून उभा राहिला.

अण्णांचे ओठ त्या भाषणाबरोबर हलत होते. मध्येच ते माझ्याकडे वाकले.

"ताई, त्येंच्याजवळ बोलू नका हं."

"काय?"

"मला ठाव हाय म्हणून. त्येंच्या डोळ्यांचं." त्यांनी दोरी दुसऱ्या हातात घेतली. "त्येंला वाटतंय, अजून कुणाच्या ध्यानात आलं न्हाई."