काळापांढरा फोटो

"आज बाजारच्या दिवशीबी गिऱ्हाईक फिरकलं न्हाय, तर संध्याकाळी मोबाईलवाल्याला गाळा देऊन टाकायचा," कुमारनं वडिलांना बजावलं आणि भागवतअण्णांना चहा गोड लागेना. जळकोटात टोपी-टॉवेल-धोतराचं त्यांचं एकच दुकान उरलं होतं. टोपी घालणारी डोकी दर वर्षी कमी होत होती आणि त्यांच्या नातवंडांना टोपी लागायची ती लग्नातल्या फोटोपुरती.

सून अक्षदा मात्र हार मानणारी नव्हती. गेल्या आठवड्यात तिनं अण्णांचा हात जोडलेला फोटो काळापांढरा केला, भोवती झेंडूची चौकट टाकली, खाली 'चाळीस वर्षांची अखंड सेवा' लिहिलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सोडला. "जुन्या फोटोची लई फॅशन आहे, अण्णा," ती म्हणाली. फोटो अण्णांना फारसा रुचला नाही, पण सुनेची हौस मोडवेना.

शेजारच्या समद टेलरला गल्ल्यावर बसवून अण्णा तसेच सोलापूरला ठोक व्यापाऱ्याची उधारी मिटवायला गेले. एसटीत जिवाला चैन नव्हतं. दिवस कलताना परतले, तर समदभाई दारातच उभे.

"शेठ, टोप्या संपल्या. टॉवेलबी."

"कुणी नेले?"

"वस्त्यांवरची म्हातारी माणसं. कुणी भाव केला न्हाय. गप आले, गप गेले."

जाहिरात फळाला आली म्हणायची. अण्णा आनंदानं घराकडं सुटले आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकले. अंगणभर म्हातारे उकिडवे बसले होते, प्रत्येकाच्या हातात कोरी टोपी अन् टॉवेल. बायका अण्णांच्या बायकोला, कोंडाबाईंना, धीर देत होत्या आणि कोंडाबाईंना काही कळत नव्हतं. मेंढरंवाला बिराप्पा अण्णांना बघून उठला आणि तसाच खाली बसला.

"भागवतराव, तुमी?"

"म्या न्हाय तर कोण?"

"नातवाच्या फोनात फोटो बगितला. काळापांढरा, वर फुलं. आता ह्येचा अर्थ काय लावायचा माणसानं?"

अक्षदा दाराआड झाली. अंगणात जरा हशा पिकला, पण बिराप्पानं टोपी पुढं केली. "मग ही परत घ्या. दुखवट्यात द्यायला घेतलेलं कापड घरात ठिवत न्हाईत." त्याच्यामागं सगळेच उठले. तेवढ्यात मोबाईलवाल्याची गाडी दाराशी थांबली अन् तीतून कुमार उतरला. माल परत आला की दुकान गेलंच.

"विकलेला माल परत घेत न्हाय," अण्णा कसेबसे म्हणाले. "कधीतरी जाणारच हाय म्या. तवा आणा."

"तवर आमी असू का?" बिराप्पानं विचारलं.

अण्णांनी टोपी बिराप्पाच्या हातात परत कोंबली. "आन् तुमी आधी गेलाव, तर तुमच्या दुखवट्याला म्या टोपी कुठनं आणू? गाळ्यात तर मोबाईल ऱ्हातेल."

सगळ्या माना कुमारकडं वळल्या. कुमार चुळबुळला, मग मोबाईलवाल्यापाशी गेला. "आता जमायचं न्हाय."

"मग कधी येऊ?"

कुमारनं अंगणातल्या म्हाताऱ्यांवरून सावकाश नजर फिरवली.

"धा वर्षं तरी नगा येऊ," तो म्हणाला, आणि म्हातारे एकदम खूश झाले.