कलशेट्टी सरांची दरी

आमच्या जुळे सोलापुरात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही. आलं की माणूस पातेली, पिंपं, पोरांच्या शाळेच्या बाटल्यासुद्धा भरून ठेवतो. अशा गावात कलशेट्टी सर भर रस्त्यात बादलीभर पाणी ओततात आणि ते कुठं वाहत जातंय हे उकिडवे बसून बघतात. पाणी वाळलं की उठतात, मान डोलावतात आणि घरी जातात. मी सोसायटीचा सेक्रेटरी, राहतो तळमजल्यावर, त्यांच्या समोरच्याच दारात. हा सोहळा मला दात घासता घासता बघावा लागतो.

सर कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. तरुणपणी हिमालयातल्या कुठल्याशा खेड्यात राहून त्यांनी तिथल्या लोकांवर पीएचडी केली. केली तर केली. पण डोंगर तिथंच ठेवून यायचा ना, हे घेऊन आले सोबत. सोलापूर पोळपाटासारखं सपाट. आमच्याकडं उंच काय, तर गिरणीची चिमणी. पण सरांना डावं-उजवं चालत नाही. ‘आमच्या वरच्या गावात वरचं अंग आणि खालचं अंग, संपला विषय,’ हे त्यांचं पालुपद. एकदा आम्ही दोघं स्टेशनला निघालो, तर रिक्षावाल्याला म्हणाले, ‘पुढच्या चौकातून वर घे.’ त्यानं रिक्षाच थांबवली. ‘काका, वर कुटं? वर तर आभाळच हाय की.’ मग सरांनी त्याला डोंगरी समाजातला दिशांचा विचार समजावून सांगितला, सोदाहरण. माझी पुण्याची गाडी त्यात गेली.

आमच्या पोरीच्या साखरपुड्यात तर कहरच केला. पाहुणे टेंभुर्णीचे. मुलाचे चुलते नुकते कुठं सतरंजीवर टेकले होते, तर हे त्यांच्यापुढं उभे. ‘उठा. मानाचा माणूस खालच्या अंगाला बसत नाही.’ हॉलची फरशी सपाट. चुलते माझ्याकडं बघायला लागले, मी भिंतीकडं. ‘आमच्यात बसल्या माणसाला उठवत न्हाईत,’ एवढंच ते बोलले. पुढं तासभर मी त्यांची समजूत काढत होतो. शेवटी सरांच्या मंडळींनी, सुमक्कांनी, कोपऱ्यातून ‘साक री’ म्हटलं तेव्हा सर गप बसले. कानडीत साक म्हणजे पुरे. या माणसाला आवरणारे जगात तेवढे दोनच शब्द आहेत.

त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे तर शिक्षा. आत्ता तुमच्या डाव्या हाताला असतात, बघावं तर उजव्या. निम्मं बोलणं या कानात, निम्मं त्या कानात. विचारलं तर म्हणतात, ‘दरीच्या अंगाला मी.’ दरी कसली डोंबलाची, गटार आहे ते.

गेल्या दिवाळीनंतर सुमक्कांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा पाय ओढायला लागला. डॉक्टरांनी बजावलं, रोज बाहेर चाला, नाहीतर अंथरूण धराल. अक्कांनी धसकाच घेतला. ‘पडले म्हंजे?’ म्हणायच्या आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत. आणि आमचे विद्वान काय करत होते? बादलीचं हे खूळ त्यांनी तेव्हाच काढलं. आज हा रस्ता, पुढच्या पाण्याला तो. माझं डोकंच फिरलं. घरात बायको अशी आणि या बाबाचं संशोधन संपेना. मी तोंडावर सांगितलं, ‘सर, जरा लाज वाटू द्या.’ ते म्हणाले, ‘एवढी गल्ली होऊ द्या.’

आणि एका संध्याकाळी बघतो तर अक्का रस्त्यावर. हातात काठी, शेजारी सर. थोडं चाललं की सर त्यांच्या मागून वळसा घालून पलीकडं, मग परत अलीकडं. मी म्हटलं, बाईला चक्कर आणतो आता हा. वळणावर अक्कांचा पाय अडखळला आणि त्या कलंडल्या त्या थेट सरांच्या अंगावर. सर खाली, अक्का वर. मी धावत जाऊन दोघांना उठवलं. अक्कांना खरचटलंही नव्हतं. सरांचं कोपर सोलून निघालं होतं आणि चेहरा असा, की पीएचडी आत्ताच मिळाली. ‘बघितलंत? उतार हिकडंच होता.’

कट्ट्यावर बसून मग त्यांनी सांगितलं. वरच्या गावात आजारी माणूस वाटेनं निघालं, की घरचं कुणीतरी दरीच्या अंगानं चालतं. पडलं तर आपल्यावर पडावं म्हणून. ‘हिला तेच कबूल करून बाहेर काढली. पण सोलापुरात उतार डोळ्याला दिसत नाही हो. पाण्याला दिसतो.’ मी रुमाल काढून त्यांच्या कोपरावरची माती झटकली, जरा जोरातच.

मला वाटलं, आता काही अक्का बाहेर पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काठी टेकत दारात हजर.

‘अक्का, भीती नाही वाटत?’

‘पडलं तर पडलं,’ अक्का म्हणाल्या. ‘खाली हे हैत की.’

मागून सर आलेच, रिकामी बादली घेऊन. अक्कांना मागच्या गल्लीतून देवळापर्यंत जायचं होतं, ती गल्ली बघायची राहिली होती, आणि नळाला पाणी यायला अजून अवकाश होता. मी तोंडातल्या तोंडात शिव्या घालत आमच्या पिंपातलं पाणी काढून दिलं. म्हटलं, ‘एवढ्यात भागवा.’

सरांनी बादलीत वाकून बघितलं. ‘अर्धीच आहे. अर्ध्यात कळत नाही हो नीट.’

मी बादली परत घेतली आणि काठोकाठ भरली.